मापासाठी उभा असलेला माणूस

"याले? याले म्हारखोरा म्हंतात," भाऊसाहेब म्हणाले आणि हसले.

सरही हसले. त्यांच्या हातात माझ्या अक्षरातली वही होती. जागेच्या नावाचा रकाना कोरा होता. ते म्हणाले, "छे, हे कसं छापणार? दुसरं काही नाव नाही का?"

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं. माझ्यापासून सात-आठ पावलांवर एक माणूस पहार टेकवून उभा होता. डोक्याला टॉवेल, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. त्यानं माझं हसणं ऐकलं. तो माझा बाप होता.

त्या नाल्यात आम्ही चौघंच होतो. तो माझा बाप आहे हे मला ठाऊक, बापाला ठाऊक, भाऊसाहेबांना ठाऊक. फक्त सरांना ठाऊक नव्हतं. भाऊसाहेब आमच्याच गावचे. नाल्याला लागून त्यांचं शेत, वर टेकडीवर त्यांच्या पूर्वजांची गढी. मला ते लहानपणापासून ओळखतात. सकाळी ते जीपमधून उतरले तेव्हा त्यांनी मला पाहिलं, बापाला पाहिलं, आम्ही एकमेकांना अनोळखी झालोय हे पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांना मजा येत होती.

आता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमाले काई नाव माईत असन तं सांगा."

मला माहीत होतं. लहानपणापासून तोंडात असलेलं नाव होतं. मी म्हणाले, "सर, वर टेकडीवर जुनी गढी आहे. गढीटेक म्हणता येईल."

"वा," सर म्हणाले. "गढीटेक फॉर्मेशन. ऐकायलाही छान वाटतं."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. त्यांचं मौन मी किती किमतीला घेतलं ते त्यांना समजलं आणि मलाही.

मग फोटो. खडकाच्या फोटोला माप लागतं, नाहीतर भिंत केवढी आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही. बारीक गोष्ट असली तर शेजारी नाणं ठेवतात, पेन ठेवतात, हातोडी ठेवतात. भिंत मोठी असली की माणूस उभा करतात. सर बापाला म्हणाले, "अहो, तुम्ही जरा तिथं उभे राहा. भिंतीला पाठ लावून. कॅमेऱ्याकडे बघू नका."

बाप उभा राहिला. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. फोटो मी काढला.

फॉर्मेशन म्हणजे काय ते सांगते. जमिनीत खडकांचे थर एकावर एक असतात. त्यातला एखादा वेगळा ओळखू आला की त्याचं वर्णन करायचं, वय काढायचं, नाव द्यायचं. नाव मनाचं द्यायचं नाही. थर जिथं सगळ्यात चांगला उघडा पडलाय त्या जागेचं, तिथले लोक वापरतात ते नाव द्यायचं. हा आमच्या धंद्याचा नियम. एकदा छापलं की पुढच्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. म्हणून नाव देणं ही मोठी गोष्ट असते. माणसं त्यासाठी जन्म घालवतात.

आमचा वाशिम जिल्हा म्हणजे सगळा काळा पाषाण. लाव्हा आला, थिजला, पुन्हा आला. मधल्या काळात कुठं कुठं तळी साचली, त्यांत गोगलगायी जगल्या नि मेल्या, आणि वरून पुन्हा लाव्हा आला. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावाखालच्या नाल्यात त्या तळ्याचा पांढुरका पट्टा पुरुषभर उंच उघडा पडलाय. आत गोगलगायींचे शंख, दगड झालेले. तो सरांनी शोधला असं लेखात लिहिलंय. ते वाक्यही मीच लिहिलं.

खरं असं आहे. गावची विहीर आमच्या लोकांना बंद होती तेव्हा आमच्या पणज्या त्या नाल्यात उतरल्या. पट्ट्याच्या बुडाशी हातानं उकरलं की पाणी झिरपतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. वाटीनं पाणी काढायचं, बसून राहायचं, पुन्हा साचलं की पुन्हा काढायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. म्हणून आमच्या वस्तीत ती जागा म्हणजे झिरा, आणि तो नाला म्हणजे झिऱ्याचा नाला. भाऊसाहेबांनी सांगितलं ते नाव वरच्या गावानं ठेवलेलं. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी घरातले देव नाल्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. वरच्या गावाच्या तोंडातलं नाव तेवढं तसंच राहिलं. आमच्यातलं कोणीही ते नाव तोंडानं घेत नाही.

बाबा विहिरी खोदायचे. धनजकडे, रिसोडकडे, जिथं बोलावतील तिथं. मला लहानपणी झिऱ्यावर घेऊन जायचे आणि शिकवायचे, "काया गोटा फुटला आन् पांढरं लागलं का समज, पानी आलं." मी शंख दाखवून विचारलं होतं, "बाबा, हे कव्हाचे हायेत?" ते म्हणाले, "तुह्या आज्याच्या आज्याच्याई आंधीचे." दगडाचं वय काढणं मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं ते त्यामुळे.

मग वाशिमहून मोठ्या शहरातल्या विद्यापीठात गेले. सरांच्या हाताखाली पीएच.डी. साठी जागा मिळाली. लॅबमधे एकदा कोट्यातून आलेल्या मुलांवर बोलणं चाललं होतं. कोणाला नमुना धड फोडता येत नाही, कोणाला इंग्रजी येत नाही, वगैरे. मी तिथंच बसले होते. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही बघा, हिचं काम कसं चोख." त्यांना माझी जात माहीत नव्हती. आडनावावरून कळत नाही. गाव विचारलं की मी वाशिम म्हणायचे, शहर असल्यासारखं. मी "थँक यू सर" म्हणाले. त्या दिवशी जीभ टाळूला चिकटली ती चिकटली.

सर वाईट माणूस नाहीत. कधी ओरडले नाहीत, माझ्या आजारपणात डबा पाठवला. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या नाल्याचा पट्टा मीच त्यांना सुचवला. ते हरखले. म्हणाले, खणायला गावातला एखादा माहीतगार मजूर बघून ठेव. मी आदल्या दिवशी घरी आले आणि बाबांना सांगितलं.

"मी येतो ना," ते म्हणाले. "दुसरा कायले?"

"या. पण सरांपुढं मले नावानं हाक मारू नका."

"काहून?"

"हापिसचं काम असते बाबा."

आई भाकरी करत होती. तिचा हात थांबला. बाबा म्हणाले, "बरं."

दिवसभर त्यांनी शब्द पाळला. "मॅडम, इथी मारू काय पहार?" "मॅडम, हे पोतं जीपमदे ठिवू?" मी मान हलवायची. दुपारी जेवायला सर, भाऊसाहेब आणि मी गढीवर गेलो. बाबा नाल्यातच बसले. ते काय जेवले मला माहीत नाही. डबा कोणता आणला होता तेही मी बघितलं नाही.

नमुने घेताना एक गोष्ट झाली. थराचं वय काढायला त्याच्या वरचा आणि खालचा काळा दगड लागतो, आणि तो आतून ताजा लागतो. हवापाणी लागून सडलेला दगड घेतला तर वय चुकतं, दगड आहे त्यापेक्षा तरुण निघतो. सरांनी कडेचे, हाताशी येतील असे तुकडे घेतले. बाबांना राहवलं नाही. म्हणाले, "सायेब, हा बद बोलते. खनखन बोलला पायजे." आणि त्यांनी पट्ट्याच्या वरचा नि खालचा, दोन्हीकडचा आतला दगड घणानं मोकळा केला, हातोडीनं वाजवला. घंटेवर टोला पडावा तसा वाजला. विहिरीला सुरुंग कुठं लावायचा हे त्यांनी आयुष्यभर दगड वाजवूनच ठरवलेलं. सर म्हणाले, "बरं बरं, तोही घ्या." मी बाबांचे दगड वेगळ्या पिशव्यांत भरले आणि वर फक्त नंबर टाकले.

प्रयोगशाळेतून निकाल आला. सरांच्या दगडांचं वय कशाशीच जुळेना. बाबांच्या दगडांचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, वरचा आणि खालचा एकमेकांना धरून. लेखात आम्ही बाबांच्या दगडांचा आकडा दिला. सरांनी एक ओळ घालायला सांगितली: नमुने निवडताना विशेष काळजी घेण्यात आली. मी घातली. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसं. फक्त इथं आयजी माझ्याच घरातली होती आणि मला ते कळत होतं.

फोटोखालची ओळ कशी लिहायची म्हणून मी सरांचा जुना लेख काढला. तरुणपणी त्यांनी दूर दक्षिणेतल्या डोंगरात पाटीच्या दगडाचा आणि ग्रेवॅकचा, म्हणजे करड्या भरड वाळूच्या दगडाचा, एक जाड थर शोधला होता. त्याला नाव दिलं, वय ठरवलं. त्यांचं नाव झालं ते त्या थरामुळे. त्या लेखातल्या फोटोत काळ्या पाट्यांच्या उभ्या भिंतीशी एक माणूस उभा होता. कमरेला पंचा, मान खाली. खाली लिहिलेलं: मापासाठी उभा असलेला मजूर. मी तीच ओळ उचलली आणि माझ्या बापाच्या फोटोखाली टाकली. एक अक्षरही बदललं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती. तो दांडा कसा दिसतो ते आरशात बघायचं राहिलं होतं.

लेख अजून छापून यायचा होता. भाऊसाहेबांना मात्र धीर नव्हता. त्यांनी नाल्याच्या काठावर मोठा बोर्ड करून घेतला: गढीटेक फॉर्मेशन, वय साडेसहा कोटी वर्षे, खाली तो फोटो आणि फोटोखालची ओळ. मंडप टाकला. सरांचा सत्कार, भाऊसाहेबांचा सत्कार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गढीच्या तटाच्या भिंती पडल्या, पण नाव साडेसहा कोटी वर्षं मागं गेलं.

बोर्डाचे खड्डे खणायला बाबांनाच बोलावलं होतं. कठीण दगडात पहार चालवणारा गावात दुसरा कोण आहे?

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी सरांचे आभार मानले, भाऊसाहेबांचे मानले, मंडपवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले. बाबा शेवटच्या रांगेच्या मागं, नाल्याच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं असं मी खोटं सांगणार नाही. आलं नव्हतं. मी कागदावरची यादी वाचली आणि खाली बसले.

माणसं पांगली. सर गढीवर चहाला गेले. बाबा बोर्डाशी आले. टॉवेलनं फोटोवरची धूळ पुसली.

"हा मीच हाये काय?"

"हो बाबा."

त्यांना बरं वाटलं. ते जरा मागं सरून बघू लागले. बोर्ड इंग्रजीत होता. "खाली काय लिवलं?"

खोटं बोलता आलं असतं. एवढं खोटं बोलले होते, त्यात अजून एक. पण फोटोतला माणूस आणि माणूस असे दोघं माझ्यासमोर उभे होते. मी वाचलं. "मापासाठी उभा असलेला मजूर."

"बराबर हाये," ते म्हणाले. "उभाच व्हतो मी." मग विचारलं, "कोनं लिवलं?"

"म्या."

"आन् वरतं गढीचं नाव?"

"तेई म्याच देल्लं."

त्यांनी टॉवेल झटकला. मग आवाज न चढवता म्हणाले, "त्या गढीवर तुही आजी शेन उचलाले जाय. पायरीच्या खाली बसे. तुले सांगतलं व्हतं म्या."

"सांगतलं व्हतं."

"झिऱ्याचं नाव तुले माईत नोतं काय?"

"माईत व्हतं."

"मंग तुले शिकवून काय केलं म्या?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. ते म्हणाले, "तुले मॅडम म्हनाले मले लाज नाई वाटली. शिकली पोरगी, म्हून म्हटलं. तू तं मले गोटाच समजली." पहार खांद्यावर घेतली आणि वस्तीकडे गेले. मी पाठोपाठ जाऊ शकले नाही. जीप सरांची होती आणि मला सरांबरोबर परत जायचं होतं. तेव्हाही मी जीपमधेच बसले.

जीपमधे सर आनंदात होते. मंगरूळपीरच्या स्टँडपर्यंत बोलत होते. मी हो, हो म्हणत होते. आतापर्यंत मला भीती होती की हे लोक मला खाली ढकलतील. मला कोणी ढकललं नव्हतं. बापाच्या खांद्यावर पाय देऊन मी स्वतः त्याला खाली दाबला होता, आणि या लोकांनी फक्त हात पुढं केला होता. तरीही प्रश्न सुटत नव्हता. हात पुढं करणाऱ्याला खाली कोण आहे हे बघावंसंही का वाटत नाही?

पुढच्या आठवड्यात लेखाची शेवटची प्रत आली. छापण्याआधी प्रत्येक लेखकानं संमतीची सही द्यायची असते. लेखक दोनच, सर आणि मी. मी कागद घेऊन त्यांच्या केबिनमधे गेले.

"सर, मी सही करणार नाही."

त्यांना वाटलं आकडा चुकला. मी सांगितलं, "फोटोतला माणूस माझे वडील आहेत. वय आलं ते त्यांनी निवडलेल्या दगडाचं. ती वस्ती माझी आहे. आणि त्या जागेला गढीटेक कोणी म्हणत नाही, ते मी खोटं सांगितलं. तिला झिरा म्हणतात."

सर खुर्चीत मागं टेकले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "अगं, मग आधी सांगायचं ना. मी जातपात मानतो का कधी? आपण आभारात त्यांचं नाव टाकू."

"आभारात नको सर. थर ज्यांनी शोधला त्यांत पाहिजे. आणि नाव बदललं पाहिजे."

"आता? शेवटच्या प्रतीत? नावानं काय होतं?"

"तुमचा पाटीच्या दगडाचा थर आहे ना सर, त्याच्या फोटोत एक माणूस उभा आहे. त्याचं नाव काय होतं?"

सरांनी आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, मला दिसलं. "आठवत नाही," ते म्हणाले. "चांगला माणूस होता. आम्हाला डोंगर त्यानंच दाखवला."

मग त्यांचा आवाज बदलला. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस, तिसरं वर्ष आहे तुझं, या लेखाशिवाय प्रबंध उभा राहत नाही, दुसरा मार्गदर्शक असा सहज मिळत नाही. सगळं खरं होतं. शेवटी म्हणाले, "तुझं नाव काढूनही मी हा लेख पाठवू शकतो."

"पाठवा सर. फील्डच्या वह्या माझ्या अक्षरात आहेत. नमुन्यांच्या पिशव्यांवरचे नंबर माझे आहेत. मी संपादकांना लिहीन."

मी सहीची जागा कोरी ठेवून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. फार मोठं काही केलं असं वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं.

नियतकालिकाच्या संपादकांना मी पत्र लिहिलं. सुरुवात सरांपासून केली नाही, माझ्यापासून केली. फोटोखालची ओळ मी लिहिली. थराचं नाव मी सुचवलं. दोन्ही खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं. मग माझ्या बापाचं नाव लिहिलं, आजोबाच्या नावासकट, आडनावासकट. झिरा कोणी खणला, का खणावा लागला, तेही लिहिलं. विहीर बंद होती हे वाक्य शास्त्राच्या लेखात बसत नाही असं ते म्हणतील. थर सापडला तो त्यामुळेच, तेव्हा त्यांना बसवावं लागेल.

पत्र घेऊन घरी गेले. बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "धाडून दे."

माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही. माफी मागून मला मोकळं व्हायचं नाही. मला हे अंगावर वागवायचं आहे.

पत्र गेलं. उत्तर अजून नाही. प्रबंधाचं काय होईल ते माहीत नाही. नाव बदललं नाही तर मी स्वतंत्र लेख लिहीन. तो परत आला तर दुसरा लिहीन. दुसराही परत आला तर, जिथं जिथं तो थर गढीटेक म्हणून छापून येईल तिथं तिथं, मी लेखी हरकत घेईन. त्या दगडावर गढीचं नाव माझ्या हातानं चढलंय. दुसऱ्या कोणी उतरवायची वाट मी बघणार नाही.